बंब न्हाणीत ठेवायचा का परड्यात?

नमस्कार मंडळी. पावसाळा तोंडावर आला की कोल्हापूर भागात घरोघरी एक विषय निघतोच, लाकडावर अंघोळीचं पाणी तापवायचा बंब आत न्हाणीत घ्यायचा का बाहेर परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेतच राहू दे, आणि नवीन घर बांधणारी माणसं तर न्हाणीत बंबाला जागा काढू का म्हणून आधीच विचारतात. माझं म्हणणं सरळ आहे, बंब बाहेर. आजरा, गगनबावड्याकडं चार महिने पाऊस नुसता कोसळत असतो तिथंही बाहेरच, फक्त डोक्यावर पत्रा पाहिजे.

का ते सांगते. धुराला आपण सगळे घाबरतो, डोळे चुरचुरले की दार उघडतो. पण खरा घात निखारा करतो हो. जाळ बसला, धूर थांबला, आता काय नाही असं म्हणून आपण न्हाणीचं दार लावून अंघोळीला बसतो आणि नेमकं तेव्हाच त्या धुमसत्या निखाऱ्यातनं कार्बन मोनॉक्साईड सुटत असतो, त्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो, मग डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि घरच्यांना वाटतं पाणी लई कढत होतं म्हणून चक्कर आली. न्हाणीत कोण असं पडलं तर पहिलं दार सताड उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन लावा. फ्लॅटमध्ये ज्यांचा गॅस गिझर बाथरूमच्या आतच आहे त्यांनी पण हे मनावर घ्या, तिथं पण हाच वायू.

आता आत ठेवणाऱ्यांचं पण खोटं नाही. म्हातारी माणसं पहाटे पावसात बादली घेऊन परड्यात जाणार कशी? आणि तांब्याचा बंब, रात्रीत कोण उचलून नेला तर? म्हणून मी म्हणते बंब बाहेर आणि पाणी आत. न्हाणीच्या भिंतीला लागूनच बाहेरच्या अंगाला गुडघ्याएवढा कट्टा बांधायचा, त्यावर बंब, आणि तोटीपासनं भिंतीतनं पाईप आत काढायचा, कट्टा उंच असला की पाणी आपोआप उतरतं. पाईप मात्र सीपीव्हीसी घ्या, साधा पीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडतो आणि वाकतो. बंबाला कट्ट्यातच लोखंडी कडी आणि साखळी, चोरीची काळजी बऱ्यापैकी मिटली.

बाजू कुठली निवडायची? पावसाळ्यात आपल्याकडं वारं पश्चिमेकडनं येतं, पश्चिमेच्या अंगाला बंब ठेवला की पाऊस बंबावर आणि धूर घरात, त्यामुळं जमलं तर पूर्वेची भिंत धरा. पत्रा बंबाच्या नळकांड्यापासनं चांगला उंच ठेवा, आणि वैरणीची व्हळी, पाचट, ताडपत्री यातलं काहीही जवळ नको, एक ठिणगी बस्स होते.

बाहेर ठेवला तर जळण जास्त लागतं असं बायका म्हणतात, पण बंबात जाळ मधल्या नळीत असतो आणि चारी बाजूनं पाणी, त्यामुळं आत काय बाहेर काय, फार फरक पडत नाही, वाऱ्याकडनं एक आडोसा केला की झालं. 50 लिटर पाणी 25 डिग्रीवरनं 60 वर न्यायला साधारण 2 युनिट (विजेच्या मीटरवरचं असतं तेच युनिट) उष्णता लागते, आणि किलोभर वाळल्या लाकडात 4 युनिट असते, म्हणजे निम्मी धुराबरोबर गेली असं धरलं तरी किलोभरात काम होतं. जळण ओलं असलं की हा हिशोब कोलमडतो, आधी लाकडातलंच पाणी उकळत बसायचं मग आपलं. म्हणून बंबाच्या आधी जळणाला छप्पर करा, शेणी आणि लाकडं जमिनीपासनं वर फळीवर रचा.

आणि बंबात पाणी भरल्याशिवाय काडी लावू नका, कोरड्या बंबाचे सांधे सुटतात. टोपण पण गच्च आवळायचं नाही, वाफेला वाट पाहिजे.

ज्यांना खरंच बाहेर जागा नाही त्यांनी नळकांड्याला पाईप जोडून तो कौलाच्या वर काढा, खाली आणि वर दोन झरोके कायम उघडे ठेवा, आणि अंघोळीला बसायच्या आधी निखारे लोखंडी घमेल्यात काढून बाहेर न्या, रोज. राखेतला विस्तव दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो, ती राख प्लॅस्टिकच्या बुट्टीत भरू नका आणि गोठ्याकडं तर अजिबात टाकू नका.