टेकू आणि शीव

नमस्कार श्रोतेहो.

"शेजाऱ्यानं बांध कोरला", एवढं ऐकलं की आपल्याकडे पुढचं काही विचारावं लागत नाही. मोजणी, पंच, कोर्टाच्या तारखा, सगळं डोळ्यांपुढे येतं. आज याच भांडणाचे शब्द ऐकवायचे आहेत, पण ते स्कॉटलंडमधले. तिथली स्कॉट्स भाषा म्हणजे इंग्रजीची सख्खी बहीण. पुष्कळांनी तिला अशुद्ध इंग्रजी म्हणून हिणवलं, पण १८०८ साली जॉन जेमीसन नावाच्या धर्मगुरूंनी तिचा दोन खंडांचा कोश काढून दाखवला.

माझा आवडता शब्द आहे 'प्रॉप'. खेड्यातल्या तोंडी तो 'प्रॅप' होतो. अर्थ सरळ आहे, टेकू. पण जुन्या कागदपत्रांत हद्दीवर रोवलेला खुंट, दगड किंवा दगडांची रास, यांनाही प्रॉपच म्हटलंय. पोरं नेम धरून दगड मारायला जे काही उभं करत, तेही प्रॅपच. टेकू, शिवेची खूण आणि नेमबाजीचं लक्ष्य, तिन्हींना एकच शब्द! मला यात गंमत वाटते ती अशी, की यांतलं काहीच आपोआप उगवत नाही. कुणीतरी ते उभं करावं लागतं, आणि दुसऱ्या कुणाला तरी ते पाडावंसं वाटतं.

शिवेला तिथे 'मार्च' म्हणतात. महिन्याशी त्याचा काही संबंध नाही. शिवेचा तंटा मिटवायचा तर 'मार्च रेडायची'. 'रेड' हे क्रियापद गुंता सोडवण्याचं; केस विंचरायलाही तेच, आणि कंगव्याचं एक नाव 'रेडिंग केम'. भांडण सोडवायला मध्ये पडणाऱ्याच्या पाठीत जो रट्टा बसतो, त्यालासुद्धा स्वतंत्र नाव आहे, 'रेडिंग स्ट्रेक'. ज्यांनी शेतातली भांडणं सोडवली असतील, त्यांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही.

पण खुंट उपटता येतो, दगड रातोरात सरकवता येतो. मग शीव माणसांच्या डोक्यात रोवायची. १३१९ साली राजा रॉबर्ट ब्रूसनं ॲबरडीन शहराला स्टॉकेटचं रान दिलं. त्या जमिनीभोवती दगड आहेत. पहिल्यावर ग्रीक अक्षर अल्फा, शेवटच्यावर ओमेगा, आणि मधल्यांवर आकडा नि शहराच्या नावाची तीन अक्षरं. नगरातली मंडळी घोड्यांवर बसून ही शीव फिरत. लॅनार्क गावात या फेरीला 'लॅनिमर' म्हणतात. मूळ अर्थ जमिनीची हद्द. तिथं पहिल्यांदाच आलेल्याला माउस नावाच्या ओढ्यात उतरून तळाचा दगड चाचपावा लागे, आणि वरून बुचकळ्या मिळत त्या वेगळ्याच. असा भिजलेला पोरगा म्हातारपणीही हद्द विसरेल का?

शेताशेतांमध्ये मात्र 'डाइक'. इंग्रजीत डाइक म्हणजे चर किंवा बंधारा. स्कॉट्समध्ये दगडी गडगा. आमच्या कोकणातल्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. चुना नाही, माती नाही. दोन बाजूंनी दोन भिंती चढवायच्या, मधल्या पोकळीत बारीक दगड ठासायचे. ठराविक उंचीवर आरपार जाणारे लांब दगड घालायचे, ते दोन्ही अंगांना बांधून धरतात. वर जड दगडांची ओळ. मेंढरांना जाण्यापुरतं खाली भोक ठेवतात, त्याला म्हणतात 'लंकी'. गॅलोवे भागात वरचा थर मुद्दाम एकेरी आणि फटींचा. पलीकडचा उजेड दिसतो, मेंढराला वाटतं भिंत आता कोसळेल, आणि ते उडी मारायला धजत नाही. भिंतीची भीती घालून भिंत राखायची, हे डोकं मला फार आवडलं. आणि खर्च? १६६१ च्या कायद्यानं सामाईक हद्दीवरच्या गडग्याचा निम्मा भार शेजाऱ्यावर टाकला.

टेकूंमध्ये अजून एक शब्द, 'स्टूप', म्हणजे खांब. एखाद्या मंडळीचा आधारस्तंभ असलेल्या माणसालाही स्टूप म्हणतात. कोळशाच्या खाणीत छत पेलायला कोळशाचेच खांब न कापता सोडायचे, तेही स्टूप. खाण संपत आली की माणसं मागे सरकत सरकत तेच खांब काढून आणत. कोळसा वर यायचा, छत मागे खाली बसायचं.

जाता जाता समुद्राकडे. शिवेच्या खुणेला आणखी एक जुना शब्द आहे, 'मीथ'. पाण्यात खुंट कुठे रोवणार? म्हणून शेटलंडचे मच्छीमार किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरत, समजा एखादं घर आणि मागचा डोंगरमाथा. मग दुसऱ्या बाजूला तशीच जोडी. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे होडी थांबवायची आणि दोर सोडायचा. या खुणा बापाकडून मुलाकडे जात. धुकं आलं की मात्र डोंगरही नाही, घरही नाही, आणि मासे नेमके कुठे आहेत ते ठाऊक असूनही होडी रिकामीच परतायची.

नमस्कार.