फेसाखालची धार

[दृश्य: उघडा वस्तरा, अगदी जवळून. खिडकीतला उजेड पात्यावरून सरकतो.]

हा वस्तरा. पाठीशी जाड, मधे दोन्ही अंगांनी कोरून पोकळ केलेला, आणि खाली येता येता इतका पातळ की नखाने हलकेच दाबला तर पातं लवतं. पाठीची जाडी ५ मिलिमीटरच्या आसपास, पात्याची रुंदी २० मिलिमीटरच्या आसपास. या दोन मापांतच धारेचा कोन ठरून गेलेला असतो, सुमारे १५ अंश. दगडावर वस्तरा आडवा ठेवला की पाठ आणि धार एकाच वेळी टेकतात. घडवणाऱ्याने कोन पात्यातच बांधून दिलेला आहे.

जर्मनीतलं झोलिंगन आणि इंग्लंडमधलं शेफिल्ड ही अशा पात्यांची नावाजलेली गावं. दगडावर धार कशी लावायची, यावर पुष्कळ बोललं जातं. आपण बघणार आहोत ती त्यापुढची दहा-पंधरा मिनिटं. वस्तरा गालावर टेकल्यावर त्या धारेचं काय होतं?

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची पोलादाची कड.]

केसापेक्षा पोलाद सुमारे ५० पट कठीण. मग केस कापून पातं बोथट होतंच कसं? अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी याचा माग काढला आणि २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात उत्तर छापलं. त्यांच्यातल्या एकाने साध्या, वापरून टाकायच्या रेझरने स्वतःची दाढी केली आणि दर वेळी पात्याची कड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेली. धार झिजून गोल होत जाईल, अशी अपेक्षा होती. कड फारशी झिजलेली नव्हती. तिचे ठिकठिकाणी टवके उडाले होते, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढे.

मग त्यांनी एकेक केस सूक्ष्मदर्शकाखालीच कापून पाहिला. केसावर पातं काटकोनात आलं, तर टवका उडत नाही. केसाला वाकायला मोकळीक असली आणि पातं तिरकं आलं, की केसाच्या कडेपाशी, पोलाद जिथे आतून एकसारखं नसतं अशा जागी, ते फुटतं.

हा प्रयोग रेझरच्या पात्यावरचा आहे, वस्तऱ्यावरचा नाही. तरीही तो वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडच्या जुन्या न्हाव्यांचे हात आले. ते हात काय करायचे? केसाला वाकू द्यायचे नाहीत.

[दृश्य: वाटीतलं पाणी. ओली बोटं गालावर, हनुवटीवर चोळत राहतात.]

सुरुवात पाण्याने. बलुत्याच्या काळात न्हावी पारावर किंवा अंगणात बसायचा. धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, नखं काढायची नराणी, आरसा, आणि एक वाटी. त्या वाटीतल्या पाण्याने तो दाढी चोळत बसायचा, बराच वेळ. समोरच्याला वाटावं, हा उगाच वेळ काढतोय. पण केस पाणी पितो, फुगतो, मऊ होतो, आणि भिजलेला केस कापायला कोरड्यापेक्षा खूपच कमी जोर लागतो. जोर कमी म्हणजे धारेवरचा भार कमी. दोन-तीन मिनिटं कोमट पाणी, मग ब्रशने मुळापर्यंत घोळवलेला फेस. माझं स्पष्ट मत आहे की धार सांभाळण्याचं निम्मं काम इथेच होतं, वस्तरा उघडण्याआधी.

[दृश्य: खुर्चीच्या हाताला अडकवलेला चामड्याचा पट्टा. वस्तरा त्यावर जातो, येतो.]

आता पट्टा. दगडावर धार पुढे ठेवून वस्तरा चालवतात. पट्ट्यावर नेमकं उलट, पाठ पुढे आणि धार मागून फरफटत. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरच कुशीला वळवायचा, धार चामड्यापासून वर ठेवून. वळताना घाई झाली तर चामडंही चिरतं आणि धारही मरते. वजन फक्त वस्तऱ्याचं, हाताने दाब द्यायचा नाही. पट्टा ताणलेला हवा. तो झोळ पडून लोंबला की वळणावर धार गोल होते. पट्टा नवी धार निर्माण करत नाही. जी आहे ती सरळ करतो, साफ करतो.

[दृश्य: गाल. डाव्या हाताची बोटं कानाशेजारची कातडी वर ओढतात. संगीत थांबतं, फक्त पात्याचा आवाज.]

हा आवाज ऐका. पोकळ कोरलेलं पातं केस कापताना बारीक, कोरडं वाजतं. मुरलेला हात डोळ्यांइतकाच या आवाजावर चालतो.

डावा हात बघा, कारण खरं काम तोच करतो आहे. कातडी ताणली की केसाचा खुंट उभा राहतो. गवत कापताना पेंढी मुठीत आवळून धरली की विळा सरळ जातो, मोकळ्या गवतावर तो घसरतो. तसंच हे. ताणलेल्या गालावर पातं ३० अंशांच्या आसपास कललेलं. याहून उभं धरलं तर ते खरवडतं, पार आडवं धरलं तर कापण्याऐवजी केस ओढतं. आणि फटका आखूड. लांब फटका रुबाबदार दिसतो, पण गाल जिथे वळतो तिथे कोन हातून सुटतो.

दर दोन-तीन फटक्यांनी फेस पुसायचा. पूर्वी तो डाव्या हाताच्या मागच्या बाजूवर किंवा वर्तमानपत्राच्या तुकड्यावर निघायचा. पुसताना पाठ पुढे, धार मागे. पात्यावर साचलेल्या फेसात कापलेले खुंट असतात. ते तसेच राहिले की पुढच्या फटक्यात पातं कातडीवर नीट बसत नाही. नळाखाली वस्तरा धुताना तर जीव मुठीत धरावा. धार नळाला किंवा बेसिनच्या कडेला एकदा लागली, की ती दाढी तिथेच संपली.

[दृश्य: हनुवटी. ओठाखालचा खळगा.]

हनुवटी आणि मिशीची जागा शेवटी. इथले केस सगळ्यांत राठ, आणि गाल होईपर्यंत ते फेसाखाली आणखी भिजत राहतात. पात्याचा प्रत्येक भाग सारखा दमत नाही, हेही लक्षात घ्यायचं. गालावर पात्याचा मधला भाग चालतो. ओठाजवळ, नाकाखाली, टोकाकडचा थोडासा.

आणि इथेच कधी कधी वस्तरा ओढायला लागतो. मघाचा आवाज बसतो, डोळ्यांत पाणी येतं. अशा वेळी जोर वाढवणं ही सगळ्यांत वाईट गोष्ट. पातं कोरड्या फडक्याने नीट पुसा, कारण ओलं पातं पट्ट्याला लावलं तर चामडं खराब होतं. पट्ट्यावर सावकाश आठ-दहा फेरे, आणि तिथे नव्याने फेस. जुने कारागीर यासाठी उठायचेही नाहीत, कोरड्या तळहातावरच पातं उलटसुलट फिरवायचे. नवशिक्याने ते करू नये.

पट्ट्यानंतरही ओढत असेल, तर उरलेली दाढी साध्या रेझरने आटपावी आणि वस्तरा निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, न्यावा. टवका चामड्याने भरत नाही. तिथलं पोलाद दगडावर घासून कड नव्याने मागे घ्यावी लागते. उलटा हात, म्हणजे केसांच्या वाढीविरुद्धचा फटका, तर धारेची खात्री असेल तरच मारावा.

[दृश्य: आजचं सलून. अर्धं ब्लेड मोडून दांडीत बसवलं जातं.]

आजच्या सलूनमध्ये हे पट्टे क्वचितच दिसतात. एचआयव्ही आणि काविळीचा धोका लोकांना कळला, तशी गिऱ्हाइकागणिक नवं ब्लेड घालायची पद्धत रुजली. ती योग्यच आहे. एकाच पात्याने गावाची दाढी करणं परत येऊ नये. पण या खुर्चीमागे उभ्या माणसाचा डावा हात बघा. गाल तसाच ताणतो आहे.

[दृश्य: घर. आरसा, मऊ फडकं, तेलाची बाटली.]

घरी एकट्याने वापरायचा वस्तरा मात्र अजून वर्षानुवर्षं चालू शकतो. बहुतेक जुनी पाती कार्बन पोलादाची असतात आणि धारेवर पाणी राहिलं की गंज आधी तिथेच धरतो. कोकणात, पावसाळ्यात, तर रातोरात. दाढी झाली की पातं पुसा, दांडीतली खाचही कोरडी करा, थोडा वेळ उघडं ठेवा. चार-आठ दिवस हात लागणार नसेल तर शिलाई मशीनच्या तेलाचं एक बोट पात्यावरून फिरवा. मगच मिटा, आणि बाथरूमबाहेर ठेवा.