ब्रह्मी आणि लाओशियन: अमेरिकेतल्या दोन समाजांची तुलना करताना

आजच्या विषयात ‘ब्रह्मी’ आणि ‘लाओशियन’ असे दोन शब्द आहेत, आणि दोन्ही फसवे आहेत. अमेरिकेच्या सरकारी कागदावर ब्रह्मी म्हणून नोंदला गेलेला माणूस पुष्कळदा बमार, म्हणजे ब्रह्मदेशातल्या बहुसंख्य वंशाचा, नसतोच. तो करेन असतो, चिन असतो, करेन्नी किंवा रोहिंग्या असतो. लाओसमध्ये जन्मलेला माणूसही लाओ असेलच असं नाही. तो ह्मोंग असू शकतो, मिएन असू शकतो, खमू असू शकतो. आपल्याकडे ब्रह्मदेश म्हटलं की मंडालेचा तुरुंग आणि रत्नागिरीचा थिबा राजवाडा आठवतो. लाओस म्हटलं की काहीच आठवत नाही. त्यामुळे हे बारकावे कानावरून निघून जातात, पण उत्पन्नाचे आकडे वाचताना खरी गोम इथेच आहे.

आधी आकडे पाहू. प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकेतल्या १९ आशियाई गटांची २०१९ ची माहिती मांडली होती. त्यात ब्रह्मी घरांचं मध्यक उत्पन्न, म्हणजे सगळी घरं चढत्या क्रमाने लावली तर बरोबर मधल्या घराचं उत्पन्न, वर्षाला ४४,४०० डॉलर होतं. सगळ्या गटांत ते सर्वांत कमी. सर्व आशियाई घरांचा आकडा होता ८५,८०० आणि भारतीयांचा १,१९,०००. दारिद्र्यरेषेखालचे ब्रह्मी २५ टक्के, तर भारतीय ६ टक्के. ‘आशियाई लोक सुखवस्तू आहेत’ हे वाक्य उभं राहतं त्यात आपल्या पुण्या-मुंबईहून गेलेल्या इंजिनियर मंडळींचा वाटा मोठा आहे. एकूण आकडा ते वर ओढतात आणि करेन कुटुंब त्याच्याखाली दिसेनासं होतं.

लाओशियनांचं उत्पन्न ब्रह्मी घरांपेक्षा बरंच वर आहे आणि आशियाई मध्यकाच्या खाली आहे. इथवर वाचून माणूस म्हणतो, लाओशियन पुढे, ब्रह्मी मागे, विषय संपला. पण शिक्षणाचा रकाना उघडा. २५ वर्षांवरच्या लाओशियनांपैकी पदवीधर फक्त १८ टक्के होते. संपूर्ण अमेरिकेत हे प्रमाण साधारण ३३ टक्के आणि सर्व आशियाईंत ५४. म्हणजे चाळीस वर्षं राहून घरात पैसा आला, पदवी आली नाही. माझ्या मते या तुलनेतली विचार करण्यासारखी गोष्ट ही आहे. ब्रह्मी गरिबीचा खुलासा त्या मानाने सोपा आहे.

तो सोपा खुलासा म्हणजे येण्याचं वर्ष. लाओसमध्ये २ डिसेंबर १९७५ ला राजेशाही संपली आणि पाथेट लाओ या कम्युनिस्ट संघटनेचं राज्य आलं. त्याआधी १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने त्या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले होते आणि सीआयएने जनरल वांग पाओच्या हाताखाली ह्मोंगांची फौज उभी केली होती. सत्ता पालटल्यावर फौजेतले ह्मोंग, राजवटीचे अधिकारी, शिक्षक, व्यापारी मेकाँग ओलांडून थायलंडमध्ये गेले. देशाची साधारण एक दशांश लोकसंख्या बाहेर पडली. सखल भागातल्या लाओ लोकांना पलीकडच्या ईसान या थाई भागाची भाषा जवळची होती. त्यांची मुख्य छावणी नोंग खाई. ह्मोंगांची बान विनाई. तिथून बहुतेक सगळे १९७५ ते १९९५ च्या दरम्यान अमेरिकेत पोचले. शेवटची मोठी तुकडी २००४ नंतर वाट थाम क्राबोक या बौद्ध मठाच्या परिसरातून आली, सुमारे १५,००० ह्मोंग.

ब्रह्मदेशातून अमेरिकेत जाणाऱ्यांच्या तीन वेगवेगळ्या लाटा आहेत आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. १९६२ मध्ये लष्करप्रमुख ने विनने सत्ता घेतली, दुकानं-कारखाने सरकारजमा झाले, तेव्हा लाखो भारतीय परत आले. १९६७ मध्ये रंगूनमध्ये चिन्यांविरुद्ध दंगली झाल्या. या काळात शिकलेले चिनी-ब्रह्मी आणि अँग्लो-ब्रह्मी लोक १९६५ च्या नव्या इमिग्रेशन कायद्याचा आधार घेऊन कॅलिफोर्नियात गेले: डॉक्टर, इंजिनियर, हिशेबनीस. दुसरी लाट १९८८ च्या लष्करी राजवटीविरुद्धच्या उठावानंतरची. विद्यार्थी, कार्यकर्ते, संख्या लहान, पण फोर्ट वेनसारख्या इंडियानातल्या शहरात त्यांनी पाय रोवले. तिसरी लाट खरी मोठी. थाई सरहद्दीवर नऊ छावण्या होत्या, त्यांतली सर्वांत मोठी ताक प्रांतातली मे ला. तिथून २००५ नंतर करेन आणि करेन्नी लोकांचं गटागटाने पुनर्वसन सुरू झालं. चिन लोक मुख्यतः क्वालालंपूरमधून आले. २००८ आणि २००९ या प्रत्येक वर्षात साधारण १८,००० जण दाखल झाले.

जनगणनेत याचा परिणाम सरळ दिसतो. २००० मध्ये अमेरिकेत ब्रह्मी, मिश्र वंशाचे धरून, १६,७२० होते. २०१० मध्ये १,००,२००. दहा वर्षांत सहापट. याच काळात लाओशियन १,९८,२०३ वरून २,३२,१३० वर गेले, म्हणजे १७ टक्क्यांची वाढ, तीही बरीचशी तिथेच जन्मलेल्या मुलांमुळे. २००० सालचा ‘ब्रह्मी’ आणि २०१० सालचा ‘ब्रह्मी’ हे दोन वेगळे समाज आहेत, फक्त लेबल एक. उत्पन्नाचा आलेख खाली गेला म्हणून जुना ब्रह्मी डॉक्टर गरीब झालेला नाही. रांगेत ऐंशी हजारांहून जास्त नवे लोक उभे राहिले आहेत.

आता दारिद्र्यरेषेचं गणित करू, कारण २५ टक्के कुठून येतात ते त्यात कळतं. सरकारी योजनांसाठीची २०२४ ची रेषा चार माणसांच्या कुटुंबाला ३१,२०० डॉलर होती. तासाला १५ डॉलर मजुरीने एक माणूस आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही बिनपगारी रजा न घेता राबला तर मिळतात बरोबर ३१,२००. नवरा कारखान्यात, बायको दोन लहान मुलांना घेऊन घरी. हे कुटुंब रेषेवर उभं आहे. एक आठवडा आजारपण, की रेषेखाली. पाळणाघराचा खर्च बायकोच्या संभाव्य पगाराचा मोठा भाग खाऊन टाकतो, म्हणून ती घरी. २०१० च्या सुमारास आलेल्या करेन कुटुंबाचं हे नेहमीचं चित्र.

१९८० मध्ये आलेल्या लाओ घरात त्या वेळची मुलं आज पंचेचाळिशीपुढे आहेत. समजा घरात सहा माणसं आणि तिघे कमावते, प्रत्येकी तेच १५ डॉलर. घराचं उत्पन्न ९३,६०० झालं, म्हणजे आशियाई मध्यकाच्याही वर! पण सहाने भागा: माणशी १५,६००. शेजारी दोन माणसांचं घर, एकच कमावता, ६०,००० डॉलर, माणशी ३०,०००. म्हणून घराच्या उत्पन्नाचा आकडा कधीच एकटा वाचू नये. शेजारी घरातली माणसं, कमावते हात आणि माणशी उत्पन्न हे तिन्ही रकाने ठेवावेत. एकत्र राहणाऱ्या समाजाचं उत्पन्न नेहमी फुगून दिसतं.

सरकारी मदतीचा काळ हा दुसरा मोठा फरक, आणि त्यावर थोडं थांबायला हवं. १९८० च्या निर्वासित कायद्याने नव्याने आलेल्यांना ३६ महिने रोख मदत मिळण्याची सोय केली. १९८२ मध्ये ती १८ महिन्यांवर आणली, १९८८ मध्ये १२ वर, १९९१ मध्ये ८ वर. म्हणजे पहिल्या ह्मोंग कुटुंबाला इंग्रजी शिकायला तीन वर्षं मिळू शकत होती. मे ला छावणीतून आलेल्याला आठ महिने. शिवाय स्वागत आणि बिऱ्हाड लावून देण्यासाठी पुनर्वसन करणाऱ्या संस्थेला माणशी मिळणारी रक्कम २०१० पर्यंत ९०० डॉलर होती, मग ती १,८०० झाली. त्यातच संस्थेचा खर्च, घराची अनामत, गादी, भांडी. विमानाचं भाडंही फुकट नाही. ते बिनव्याजी कर्ज असतं आणि त्याचे हप्ते काही महिन्यांतच सुरू होतात. सहा माणसांचं कुटुंब अमेरिकेत पाय ठेवतं तेच हजारो डॉलर डोक्यावर घेऊन.

जास्त मदत म्हणजे जास्त प्रगती, असंही झालं नाही. १९८० च्या दशकात मुलं असलेल्या आईवडिलांच्या जोडीला कल्याण योजनेतून पैसे मिळायचे, पण मुख्य कमावता महिन्याला १०० तासांपेक्षा जास्त कामावर गेला की अपात्र. संघीय किमान वेतन १९८१ ते १९९० या काळात तासाला ३.३५ डॉलर होतं. पूर्ण महिना राबून सुमारे ५८० डॉलर. कॅलिफोर्नियात नऊ-दहा माणसांच्या ह्मोंग घराला मदत याहून जास्त मिळायची, वर मेडिकेडचं, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड. बापाने पूर्णवेळ नोकरी धरली की पैसेही कमी आणि डॉक्टरही गेला. तिथल्या फ्रेस्नो शहरात एक पिढी यात अडकली, आणि तो आळस नव्हता, साधा हिशेब होता. मिनेसोटातल्या सेंट पॉलकडे पुढे जे ह्मोंग सरकले, त्यांना कारखान्यांत काम मिळालं. १९९६ च्या सुधारणेने मदतीला पाच वर्षांची मर्यादा आणि कामाची अट घातली. ब्रह्मी लोक आले ते या नव्या चौकटीत, त्यामुळे ते पहिल्या वर्षीच कामावर गेले. गरीब आहेत, पण काम करून गरीब आहेत.

काम कोणतं? मांस कापून भरण्याचे कारखाने. आयोवा, नेब्रास्का, टेक्सासचा अमॅरिलो. पट्ट्यावर प्रत्येकाला एकच काप ठरलेला असतो, बोलायला लागत नाही, म्हणून इंग्रजी नसलेल्याला चालतं. आणि त्याचमुळे दहा वर्षांनीही इंग्रजी येत नाही. एकच हालचाल पाळीत हजारो वेळा केल्याने मनगट आणि खांदा जातो. एप्रिल २०२० मध्ये कोविड याच कारखान्यांतून पसरला, कारण माणसं खांद्याला खांदा लावून उभी. लाओ लोक याच पट्ट्यांवर वीस-तीस वर्षं आधी उभे होते. आयोवातलं स्टॉर्म लेक हे त्यांचं एक गाव. मागच्या पिढीने जागा सोडली, पुढच्यांनी घेतली. लाओशियनांचा दुसरा आधार इलेक्ट्रॉनिक्स जुळणीचे कारखाने आणि गोदामं. तिथे पदवीविना शिफ्ट सुपरवायझरपर्यंत जाता येतं, ओव्हरटाइम मिळतो, घर घेता येतं. मुलाने अठराव्या वर्षी तीच वाट धरली तर घर लगेच उभं राहतं आणि कॉलेज सुटतं. ते १८ टक्के मला इथे दिसतात.

ब्रह्मी बाजूला एक वेगळी वाट आहे ती सुपरमार्केटातल्या सुशीच्या काउंटरची. अमेरिकेत जपानी सुशी वळणारे हात बऱ्याच ठिकाणी ब्रह्मी असतात. हा धंदा फ्रँचायझीवर चालतो. भांडवल थोडं लागतं, नवराबायको मिळून सांभाळता येतो, पण विक्रीतला मोठा हिस्सा सुपरमार्केट आणि कंपनीकडे जातो आणि न खपलेला माल बहुधा आपल्या अंगावर. (डोनटची दुकानं कंबोडियनांची, ती लाओशियनांच्या नावावर घालू नका, ही चूक नेहमी होते.)

छावणीत किंवा वाटेत काय केलं, त्याचाही ठसा राहतो. मे लातल्या करेन माणसाला छावणीबाहेर कायदेशीर काम करायला बंदी होती. काही जण वीस वर्षं शिध्यावर जगले. त्यांच्या मुलांना मात्र करेन भाषेत दहावीपर्यंत शाळा होती. मलेशियातल्या चिन माणसाकडे कागद नव्हते, शाळा नव्हती, पण मोठ्या शहरात हॉटेलात भांडी घासून पगार मोजायची सवय होती. इंडियानापोलिसच्या दक्षिण भागात चिन लोकांनी चर्चेसच्या भोवती भराभर घरं घेतली त्यामागे हे एक कारण धरता येईल. पैसे मात्र तिथेच थांबत नाहीत. मायदेशी ते ‘हुंडी’ने जातात. शब्द आपलाच, ब्रह्मदेशात आजही चालतो. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडानंतर तिकडच्या बँका अडल्या आणि हुंडीवरचा भार आणखी वाढला. लाओ घरांतून असा ओघ आता बराच आटला आहे, कारण जवळचे बहुतेक इकडेच आले.

प्रवेश आणि नागरिकत्वाबद्दल एक विचित्र गोष्ट. २००१ नंतरच्या दहशतवादविरोधी व्याख्येत सशस्त्र गटाला भात दिला तरी ‘मदत’ धरली जात होती. त्यामुळे करेन नॅशनल युनियनच्या मुलखातून आलेला शेतकरी अडकला आणि सीआयएसाठी लढलेला ह्मोंगही अडकला! डिसेंबर २००७ च्या कायद्याने दोघांना एकाच कलमात सूट दिली. ह्मोंग आणि लाओ सैनिकांना त्याआधी २००० च्या कायद्याने नागरिकत्वासाठी इंग्रजीची अट माफ झाली होती. करेन म्हाताऱ्याला तशी खास सवलत नाही. १९९६ नंतरच्या नियमाने नागरिक न झालेल्या निर्वासित वृद्धाचा सरकारी भत्ता सात वर्षांनी थांबतो, म्हणजे परीक्षेतलं इंग्रजी थेट ताटातल्या भातापर्यंत जातं.

ज्यांना स्वतः आकडे काढायचे आहेत त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या जनगणना खात्याच्या दरवर्षीच्या नमुना पाहणीची एका वर्षाची फाइल या गटांसाठी वापरू नका. नमुना इतका लहान पडतो की टक्केवारी वर्षागणिक उड्या मारते. पाच वर्षांची फाइल घ्या. फक्त जन्मदेशावर गाळलंत तर ‘लाओस’मध्ये ह्मोंग मिसळतील आणि बान विनाई किंवा मे लात जन्मलेली मुलं ‘थायलंड’मध्ये जातील. फक्त वंशाच्या रकान्यावर गाळलंत तर रंगूनचा चिनी स्वतःला चिनी लिहील आणि ब्रह्मींतला सुखवस्तू थर गळून पडेल. २०२० च्या जनगणनेच्या अर्जावर ब्रह्मी किंवा लाओशियन, कोणालाच स्वतंत्र चौकोन नव्हता. ‘इतर आशियाई’वर खूण करून हाताने लिहायचं होतं. म्हणून वंश, जन्मदेश आणि घरी बोलायची भाषा तिन्ही एकत्र लावा. मग येण्याच्या वर्षाप्रमाणे पाच-पाच वर्षांचे गट पाडा आणि अमेरिकेत दहा वर्षं झालेल्या ब्रह्मी कुटुंबासमोर दहा वर्षं झालेलंच लाओ कुटुंब ठेवा, म्हणजे १९९० च्या जनगणनेतलं. आजचं नव्हे.

जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांचा कार्यक्रमच स्थगित झाला आणि जूनच्या आदेशाने म्यानमारच्या नागरिकांवर सरसकट, लाओसच्या नागरिकांवर अंशतः प्रवेशबंदी आली. नवे गरीब येणं थांबलं की ब्रह्मी समाजाचं सरासरी वय वाढेल, मुलं कमावती होतील आणि कोणी काही न करता गरिबीची टक्केवारी खाली येईल. २०३० च्या जनगणनेनंतर तो आकडा हातात आला की येण्याच्या वर्षाचा रकाना आधी उघडा.