सत्तर खोडांचा प्रश्न

(अमळनेर येथील व्याख्यानमालेतील भाषण, संपादित)

मंडळी, विषय आहे 'नैतिक पेच आणि योग्य निर्णय'. अमळनेरात या विषयावर उभं राहायचं म्हणजे जबाबदारी आहे. १९१६ साली प्रतापशेठांनी इथेच तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं. मी काही तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नाही. कृषी सहायक म्हणून चोपडा तालुक्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. पण पेच पुष्कळ पाहिले, तेही बांधावर उभं राहून. त्यातून एक मत पक्कं झालंय, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. 'बरोबर काय?' हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. त्याच्या आधी 'नेमकं झालंय काय?' हे तपासायचं असतं.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात वादळ आलं. केळीवाल्यांना सांगायला नको, मृगबाग, म्हणजे आदल्या जून-जुलैत लावलेली बाग, तेव्हा कापणीला आलेली असते, घडाच्या ओझ्याने खोड आधीच वाकलेलं असतं. दुसऱ्या दिवशी आमचे पंचनामे सुरू झाले. तलाठी, ग्रामसेवक आणि मी. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी मदत, त्याखाली काही नाही. बत्तीसलाही शून्यच.

एका मावशीचं एक एकर होतं. नवरा वारलेला, मुलगी लग्नाची. पाच बाय पाच फुटांवर लावलेली बाग, म्हणजे एकरात साधारण साडेसतराशे खोडं. मदतीला पात्र व्हायला पावणेसहाशे तरी पडलेली पाहिजेत. पहिल्या मोजणीत सव्वाचारशेच भरली. मावशी काही बोलली नाही, नुसती ओळीच्या टोकाशी बसून राहिली. मला ते आकडे पटेनात, म्हणून पुन्हा आत शिरलो. बरीच खोडं उभी दिसत होती, पण बुंध्याशी वाळलेलं सोपट, म्हणजे खोडावरची साल, बाजूला केलं की आडवा तडा दिसायचा. दाबलं की पाणी झिरपायचं. त्या खोडावरचा घड आता भरणार नाही, हे कोणताही केळीवाला सांगेल. ती सगळी धरली. आकडा पाचशेच्या थोडा वर गेला. एकोणतीस टक्के. त्यापुढे मात्र सरकेना.

तेव्हा मावशी म्हणाली, "आप्पा, सत्तर खोडस्नी तं गोट शे. तुमनं काय जास?"

खरंच, माझं काय जाणार होतं? तलाठी भाऊसाहेबांनी पेन माझ्याकडे दिलं. म्हणाले, तुम्हीच ठरवा. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. गावात कोणी तक्रारही केली नसती.

मी एकोणतीसच लिहिलं. का, ते पुढे सांगतो. पण त्याआधी घडलेलं एक सांगू द्या, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणात तेच महत्त्वाचं आहे. मी मावशीला बँकेचं पासबुक मागितलं. तिने ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलं. पीककर्जाच्या खात्यातून फळपीक विम्याचा हप्ता कापलेला होता. तिला पत्ताच नव्हता! वादळाचं नुकसान विम्यासाठी ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. आम्ही सत्तर खोटी खोडं लिहायची की नाही यावर अडून बसलो होतो आणि तिच्या खऱ्या हक्काचे तास चालले होते. त्याच संध्याकाळी सूचना दाखल केली. दयेपोटी खोटं लिहून मी मोकळा झालो असतो, तर ते पासबुक पिशवीतच राहिलं असतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं आहेत म्हणतात, आणि मुख्य मुद्दा तर आता येतोय. भराभर सांगतो.

मोजून झाल्यावर नावं बदलून पाहा. आपल्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पहिल्याच प्रवचनात एक न्यायाधीश येतो. शेकडोंना फाशी दिलेला. एक दिवस स्वतःचा मुलगा खुनी म्हणून समोर आला, आणि त्या दिवसापासून त्याला फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागली. विनोबा म्हणतात, अर्जुनाचंही असंच झालं. मावशीच्या जागी मी गावातला मोठा बागाईतदार उभा केला. त्याचे एकोणतीसचे मी तेहतीस केले असते का? नाही. मग मावशीचेही करता येत नाहीत.

कोणी म्हणेल, म्हणजे सत्य काही झालं तरी सोडायचं नाही? तसं मी म्हणत नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. लोक कुठे लपलेत हे त्याने चोरांना खरंखरं सांगितलं, ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ साली याच प्रश्नाचं उलट उत्तर दिलं: खुन्यालाही खोटं सांगू नये. मी कृष्णाच्या बाजूने आहे. मात्र कौशिकासमोर चोर होते आणि पलीकडे माणसांचे जीव होते. माझ्यासमोर पंचनामा होता, आणि त्यावर विसंबून असलेले, तिथे हजर नसलेले हजारो शेतकरी होते. पंचनाम्यांवरचा विश्वास उडाला की खरं नुकसान झालेल्यालाही कोणी खरं मानत नाही.

आता शेवटचं, आणि सगळ्यात अवघड. मावशीच्या पुतण्याचीही बाग शेजारीच. नुकसान तीस टक्के, विमा नाही. त्याला माझ्याकडे वाट नव्हती. निर्णय बरोबर असला तरी ज्याच्या विरुद्ध गेला त्याचं देणं आपल्यावर उरतं, असं मी मानतो. ते कसं फेडायचं? मी त्याला आकडा समोर बसून सांगितला, मोजणीची वही दाखवली. पुढच्या बागेचा विमा मुदतीत भरला जाईल हे पाहिलं. आणि तेव्हापासून जिथे बोलावतील तिथे एकच मागणी मांडतो: ३३ टक्क्यांची ही सरळ कडा काढा, नुकसान जितकं तितक्या टप्प्याने मदत द्या. बत्तीस आणि तेहतीसमध्ये अख्खी मदत टांगलेली असेल तर गावागावातल्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याला आपण रोज मोहात घालतो.

सभागृहात ग्रामपंचायतीचे सदस्य दिसताहेत. येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्या. मसुदा माझ्या पिशवीत आहे, चहाच्या वेळी देतो.