गायरानावरची धावपट्टी

श्रोतेहो, नमस्कार. सांगली-सातारा भागात राहणाऱ्या आपणा सर्वांना धावपट्टी हा विषय नवा नाही. कऱ्हाडजवळ वारुंजीचा विमानतळ सार्वजनिक बांधकाम खात्याने १९५५ मध्ये प्रामुख्याने कोयना धरणाच्या कामासाठी उभारला, आणि सांगलीकडून तासगावला जाताना लागणाऱ्या कवलापूरच्या विमानतळाचे पुढे काय करायचे, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे वाद चालत आला आहे. आज मात्र मी आपल्याला एका लष्करी विमानतळाविषयी सांगणार आहे. तो इंग्लंडमध्ये आहे, पण त्याची कहाणी ऐकताना आपल्या गावचे गायरान आपल्याला आठवल्यावाचून राहणार नाही.

बर्कशायर परगण्यात न्यूबरी नावाचे गाव आहे आणि त्याच्या आग्नेयेला ग्रीनम कॉमन नावाचे उंचावरचे, सपाट, खडीमिश्रित जमिनीचे माळरान आहे. शेतीच्या दृष्टीने ही जमीन निकृष्टच. पण आसपासच्या ठरावीक घरांना तेथे गुरे चारण्याचे, जळण आणण्याचे हक्क परंपरेने मिळालेले होते, आणि इंग्लंडच्या कायद्यात असे हक्क जमिनीच्या मालकीपेक्षा वेगळे धरले जातात. मालक बदलला तरी चराईचा हक्क तसाच राहतो. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे सारे प्रकरण याच एका मुद्द्याशी येऊन थांबले.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने हे माळरान ताब्यात घेतले आणि १९४२ मध्ये तेथे विमानतळ सुरू झाला. ५ जून १९४४ च्या संध्याकाळी, म्हणजे नॉर्मंडीवरील चढाईच्या आदल्या दिवशी, जनरल आयझेनहॉवर हे तोंडाला काळे फासून सज्ज झालेल्या अमेरिकी छत्रीधारी सैनिकांशी बोलायला आले होते ते याच ठिकाणी. त्या बोलण्याचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे. त्या रात्री या सैनिकांना घेऊन जी विमाने उडाली, ती डाकोटा जातीची होती. पुढे १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये श्रीनगरला आपले जवान उतरवणारी विमाने त्याच जातीची, हे जाता जाता सांगतो.

युद्ध संपल्यावर माळरान पुन्हा मोकळे होईल असे लोकांना वाटले आणि काही वर्षे तसे झालेही. परंतु रशियाशी शीतयुद्ध सुरू झाले, आणि स्थानिक लोकांचा विरोध असताना १९५१ मध्ये जागा पुन्हा घेतली गेली. या वेळी अमेरिकी हवाई दलाच्या बॉम्बफेकी विमानांसाठी सुमारे तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी ओतण्यात आली. माझ्या मते या कहाणीतील खरा अन्याय हा दुसऱ्या वेळचा आहे. ऐन युद्धात घेतलेली जमीन लोक समजून घेतात. शांततेच्या काळात, तात्पुरती म्हणून, कुंपण घालून ठेवलेली जमीन मात्र मनात सलत राहते.

त्यानंतरचा भाग आपल्यापैकी अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचलेला असेल. अमेरिकेची अण्वस्त्रे वाहून नेणारी ९६ क्रूझ क्षेपणास्त्रे येथे ठेवण्याचे ठरले. त्याला विरोध करण्यासाठी १९८१ च्या ऑगस्टअखेरीस वेल्समधील कार्डिफहून महिलांचा एक छोटा जथा पायी निघाला, सप्टेंबरमध्ये येथे पोचला आणि कुंपणाबाहेर त्यांनी जे ठाण मांडले, ते एकोणीस वर्षे हलले नाही. डिसेंबर १९८२ मध्ये सुमारे तीस हजार महिलांनी एकमेकींचे हात धरून संपूर्ण तळाला वेढा घातला. तरीही १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये क्षेपणास्त्रे आलीच. मातीने झाकलेल्या सहा प्रचंड काँक्रीटच्या कोठारांत, प्रत्येकी सोळा या हिशेबाने, ती ठेवण्यात आली.

आता तो मुद्दा. महिलांना आत येण्यापासून रोखण्यासाठी संरक्षण खात्याने १९८५ मध्ये उपविधी, म्हणजे कायद्याच्या आधारे त्या जागेपुरते नियम, केले. त्यांच्याखाली दोन महिलांना दंड झाला आणि त्या अपील करत थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे त्या काळच्या तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेल्या. ज्या १८९२ च्या लष्करी जमीन कायद्याच्या आधारे हे उपविधी केले होते, त्यातच अशी तरतूद होती की, सामाईक जमिनीवरील लोकांच्या हक्कांना बाध येईल असे उपविधी करता येणार नाहीत. या माळावर चराईचे हक्क असलेली साठएक माणसे होती आणि उपविधींमुळे त्यांनाही मज्जाव झाला होता. त्यामुळे १९९० मध्ये न्यायालयाने ते उपविधीच अवैध ठरवले आणि महिलांची शिक्षा रद्द झाली. त्या महिलांचे स्वतःचे एक गायवासरूसुद्धा त्या माळावर चरत नव्हते, तरी त्यांच्या उपयोगी पडली ती गुराख्यांची जुनी नोंद!

क्षेपणास्त्रे मात्र न्यायालयाने हलवली नाहीत; ती १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत कराराने गेली. शेवटची खेप मार्च १९९१ मध्ये निघाली, पुढच्या वर्षी अमेरिकी दलानेही तळ सोडला, आणि करारातील पडताळणीच्या अटीमुळे ती रिकामी कोठारे २००१ पर्यंत तपासणीसाठी खुली ठेवावी लागली.

मग प्रश्न आला, एवढ्या काँक्रीटचे करायचे काय? १९९७ मध्ये एका स्थानिक विश्वस्त संस्थेने तळ विकत घेतला. इमारतींच्या भागात तिने उद्योगांसाठी जागा भाड्याने देण्यास सुरुवात केली व त्या उत्पन्नातून परिसरातील सामाजिक कामांना पैसा दिला जातो; मोकळे माळरान मात्र स्थानिक परिषदेकडे अवघ्या एका पौंडात सोपवले गेले. धावपट्टी फोडून तिची खडी करण्यात आली आणि ती न्यूबरीच्या नव्या वळणरस्त्यात वापरली गेली. गंमत अशी की, त्या रस्त्यासाठी झाडे तोडू नयेत म्हणून तरुण मंडळी झाडांवर चढून बसली होती. म्हणजे एका आंदोलनाने गाजलेल्या जागेचा राडारोडा दुसऱ्या आंदोलनाने गाजलेल्या रस्त्याखाली गेला. विमानांच्या इंधनाच्या टाक्या, जमिनीखालचे नळ आणि तेलाने नासलेली माती काढणे हे काम सर्वांत किचकट ठरले, आणि ते कोणत्याही जुन्या विमानतळावर तसे ठरतेच.

८ एप्रिल २००० रोजी माळरान लोकांना खुले झाले. आज तेथे गेल्यास नियंत्रण मनोरा दिसतो, आग विझवण्याच्या सरावासाठी बनवलेला पोलादी विमानाचा गंजलेला सांगाडा एका डबक्याच्या काठी उभा दिसतो, आणि त्याच्या आजूबाजूला गाई चरत असतात. त्या चरतात म्हणूनच झुडपे माजत नाहीत, आणि रातव्यासारखे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी टिकून राहतात. २००२ मध्ये ब्रिटिश संसदेने या माळासाठी स्वतंत्र कायदा करून चराईचे हक्क आणि लोकांचा वावर दोन्ही पक्के केले व देखरेखीसाठी आयोग नेमला.

आपल्याकडे कल्याणजवळच्या नेवाळीची जमीनही दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतली गेली. ती परत मिळावी म्हणून शेतकरी अजून झगडत आहेत. जून २०१७ मध्ये त्या आंदोलनाचा भडका उडाला होता. तेथील जमीन कसणाऱ्यांची आणि ग्रीनमची चराईची, हा फरक आहे. तरी दोन्हीकडे निर्णायक ठरतो तो कागद. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम २२ गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद करते, आणि अशी जमीन दुसऱ्या कामाला लावायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. ज्या गावांत ही नोंद स्पष्ट असते, तेथे निदान दाद मागायला जागा राहते.

ग्रीनमवर सारे आलबेल आहे असेही नाही. माळाला लागून वाहनांचे रस्ते आहेत, गुरे मोकळी फिरतात, आणि अंधारात गाडीची धडक बसून जनावरे दगावतात. विणीच्या काळात कुत्र्यांना साखळीने बांधून फिरवा, असे सांगितले की फिरायला येणारे नाराज होतात. गुरांच्या मालकांना रस्त्यावरचा वेग कमी करून हवा असतो, वाहनचालकांना गुरे आवरलेली हवी असतात, आणि या दोघांची समजूत घालणे हे आयोगाचे नेहमीचे काम होऊन बसले आहे.