टेलचं पाणी आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम

श्रोतेहो, नमस्कार.

पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना टेलचं, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचं, दुखणं सांगायला नको. मुखाजवळची शिवारं भिजतात आणि शेवटचा शेतकरी कोरड्या चारीकडे बघत बसतो. अमेरिकेच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमध्ये नेमकं हेच तपासलं. एकीकडे शेतकऱ्यांनीच घातलेले दगड-मातीचे, फांद्यांचे बांध. दुसरीकडे सरकारी, पक्के सिमेंटचे. टेलला पाणी कुठे जास्त पोहोचावं? कच्च्या बांधांच्या पाटांवर!

त्याचं कारण मला फार मोलाचं वाटतं. कच्चा बांध पुरात वाहून जातो. तो पुन्हा घालायला खूप हात लागतात, म्हणून टेलच्या माणसांनाही बोलवावं लागतं. राबायला बोलावलं, की पाणी द्यावंच लागतं. पक्का बांध आला आणि मुखाजवळच्यांना ही गरजच उरली नाही. बांध टिकला, पण माणसांमधली देवघेव तुटली.

१९६८ साली जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी लिहिलं होतं, की सामाईक कुरणाचा शेवटी नाशच होतो. त्यामुळे मालकी सरकारची हवी किंवा खाजगी, असं पुष्कळांनी गृहीत धरलं. ऑस्ट्रॉम यांनी मात्र १९६५च्या आपल्या प्रबंधातच लॉस एंजेलिसजवळचे लोक भूजलाच्या उपशाला स्वतः कसा आळा घालतात, हे अभ्यासलं होतं. पुढे स्वित्झर्लंडची कुरणं, स्पेनचे कालवे, जपानमधल्या गावांची सामाईक रानं यांचे दाखले घेऊन १९९० साली लोक सामाईक साधनं स्वतः सांभाळू शकतात, हे दाखवणारं त्यांचं पुस्तक आलं. २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या, आणि मूळच्या होत्या राज्यशास्त्राच्या!

शासनव्यवहाराचा अभ्यास म्हणजे मंत्रालय, कायदे, अधिकारी, अशी सवय पडली होती. ऑस्ट्रॉम यांच्यामुळे अभ्यासक बांधावर जाऊन विचारू लागले: इथला नियम कुणी केला? राखण कोण करतं? पहिल्या चुकीला दंड किती? भांडण कुठे मिटतं?

आपल्या खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धतीत या प्रश्नांची उत्तरं पिढ्यान्‌पिढ्या तयार होती. बंधाऱ्याखालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत, वाटलेली, एका फडात एकच पीक. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कुठला फड भिजवायचा आणि कुठला कोरडा ठेवायचा, हे सगळे मिळून ठरवत. आणि प्रत्येक फडात बहुतेकांचा थोडा थोडा तुकडा असल्यामुळे, कोरड्या फडाची झळ एकट्यादुकट्याला लागत नसे.