बाळाच्या बाजूनं शिवलेला आहेर

श्रोतेहो, नमस्कार.

पाळण्यावर बांधलेलं चिमणाळं आपण उभ्यानं पाहतो. कापडाच्या चिमण्या, राघू, त्यांचे रंगीत पंख, भरतकामाचे डोळे, सगळं आपल्याला बाजूनं दिसतं आणि गोड दिसतं. बाळ मात्र उताणं निजलेलं असतं. त्याला दिसतात त्या चिमण्यांची पोटं, आणि पोटाला बहुतेक जण साधं पांढरं कापड लावतात. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्याच वाट्याला काही येत नाही. बारशाच्या आहेरासाठी घरी शिवता येतील अशा वस्तूंबद्दल आज बोलायचं आहे. कात्री हातात घेण्याआधी दरवेळी एकदा मनानं पाळण्यात निजून बघायचं, मग बऱ्याच चुका आपोआप टळतात. जवळ कागद-पेन्सिल असेल तर मापं लिहून घ्या.

आधी कापड. बाळाचं पहिलं झबलं जुन्या कपड्यातून शिवायची आपल्याकडे रीत आहे. आजोबांचं धोतर किंवा आजीचं सुती लुगडं त्यासाठी राखून ठेवतात. ही रीत अगदी योग्य आहे. कितीतरी वेळा धुतलेल्या त्या कापडातली खळ गेलेली असते, सुटा रंग गेलेला असतो, आटायचं तेवढं ते आटलेलं असतं. फक्त विरलेला भाग घेऊ नका. कापड उजेडासमोर धरा आणि धागे विरळ दिसतील तो तुकडा सोडून द्या. नवं घ्यायचं तर मलमल किंवा मऊ वायल. ते रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी धुऊन वाळवा, इस्त्री करा आणि मगच बेता. तसंच बेतलं तर झबलं पहिल्या धुण्यात आटतं, आणि एवढ्याशा कपड्यात अर्धा इंच कमी झाला तरी ते पोटावर चढतं. संक्रांतीला बोरन्हाणासाठी काळं झबलं शिवतात, त्या कापडावर आधी ओला पांढरा रुमाल घासून पाहा. रुमाल काळा झाला तर ते कापड बाळाच्या अंगाला लावू नका.

आता झबलं. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी २५ इंच लांब आणि १९ इंच रुंद असा एकच तुकडा घ्या. शिलाईची माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, यात धरलेली आहे. लांबीत मधोमध घडी घाला, ही खांद्याची घडी. मग रुंदीत मधोमध घडी घाला. आता चार पदर झाले, साडेबारा इंच लांब आणि साडेनऊ इंच रुंद. दोन्ही घड्या मिळतात तो कोपरा म्हणजे गळा. तिथून खांद्याच्या घडीवर पावणेदोन इंच आणि खाली अर्धा इंच अशी गोलाई कापा. कापड उलगडून फक्त पुढच्या बाजूचा गळा दीड इंचापर्यंत खोल करा. पुन्हा घडी घाला. खांद्यापासून साडेचार इंच खाली बाहीची रेघ आखा, मधल्या घडीपासून साडेपाच इंचांवर अंगाची रेघ आखा, आणि त्या दोन रेघा काखेत गोलाईनं जोडा. काटकोन ठेवू नका. वेगळी बाही जोडायची नाही, त्यामुळे मुंढ्याला शिवण येत नाही आणि खांद्याला काही टोचत नाही. शेवटी पुढचा पदर गळ्यापासून खालपर्यंत मधोमध कापून झबलं पूर्ण उघडं करा. तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते. डोक्यावरून कपडा घालताना ते रडतं आणि घालणाराही घाबरतो. हे झबलं पसरून ठेवायचं, बाळाला वर निजवायचं आणि एकेक हात बाहीत घ्यायचा.

गळ्याच्या बाबतीत नवख्या हाताचा एक अंदाज हमखास चुकतो. कापलेला गळा लहान वाटतो म्हणून आणखी पाव इंच कापला जातो. पण तो पाव इंच चारी बाजूंनी वाढतो, आणि झबलं खांद्यावरून घसरायला लागतं. म्हणून आधी कागदावर कापून बघा. गळ्याला लावायची पट्टी तिरप्या कापडाचीच हवी, इंचभर रुंद. सरळ धाग्याची पट्टी गोलाईत बसत नाही, चुण्या पडतात. ती शिवताना ओढूही नका, नाहीतर गळा आवळला जातो.

बाजूच्या शिवणी घातल्या की काखेच्या गोलाईत मायेला दोन-तीन छोटे काप द्या, टाक्यापर्यंत न पोचणारे; त्यानं काखेत कापड ओढलं जात नाही. शिवणीची माया आतल्या बाजूला न ठेवता बाहेरच्या बाजूला घेऊन दुमडून टाका. दिसायला किंचित कमी दिसेल, पण आतून झबलं तळहातासारखं गुळगुळीत लागेल. बटण नको, हूक नको. छातीवर कापडी बंदांच्या दोन जोड्या लावा, प्रत्येक बंद पाच इंच. गळ्याशी बंद लावायचाच नाही. पाठीवर बंद असलेली झबलीही असतात, पण बाळ दिवसभर त्याच गाठींवर निजतं.

हातमोजे, पायमोजे शिवणार असाल तर मोजा उलटा करून आत बोट फिरवा. सुटलेला एखादा धागा किंवा त्यात अडकलेला लांब केस बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि आवळत जातो. बोट सुजून लाल होतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून आतली प्रत्येक शिवण झाकलेली हवी.

कुंची त्यामानानं सोपी. १६ इंच रुंद आणि २२ इंच लांब तुकडा. रुंदीत दुमडून आठ इंच करा, घडी बाळाच्या पाठीमागे येईल. वरची आठ इंचांची कड शिवून टाका, डोक्यावर टोक तयार झालं. टोकापासून आठ इंच खाली मागच्या भागात चुण्या घेऊन त्या पट्टीनं पक्क्या करा. खालचा भाग पाठीवर झुलतो. खणाची कुंची सुंदर दिसते, पण तिला आतून मलमलीचं अस्तर हवंच. टोकाचा गोंडा मोकळा टांगू नका, टाक्यांनी दाबून बसवा. मणी आणि मोती तर नकोतच. आणि बाळ झोपलं की कुंची काढायची. टोपी तोंडावर सरकू शकते, शिवाय तान्ह्या बाळाच्या अंगातली बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते.

चिमणाळ्याकडे परत येऊ. पहिल्या काही आठवड्यांत बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, तेही ठळक फरक असेल तर. फिकट गुलाबी आणि फिकट पिवळा त्याला जवळजवळ सारखेच. म्हणून पोटाला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड लावा, चोच लालभडक करा. दुसरी युक्ती दोऱ्याची. दोरा चिमणीच्या पाठीच्या मध्यावर न बांधता शेपटीकडे बांधा. मग ती चोचीवर खाली झुकते, आणि बाळाला तिचं तोंड दिसतं, डोळे दिसतात. भरतकामाची आठ इंची लाकडी रिंग घ्या, कडेला चार आणि मध्ये एक अशा पाच चिमण्या पुरतात. एकीत कापूस जास्त भरला गेला तर रिंग तिरकी होते. म्हणून समोरासमोरच्या चिमण्या हातात घेऊन वजन सारखं करा. दोरा सहा इंचांहून लांब नको. चिमणाळं तोंडावर नाही, छातीच्या वर टांगा, हात पोचणार नाही इतकं उंच. बाळ हातांवर रेटा देऊन उठायला लागलं, साधारण पाचव्या महिन्यात, की ते उतरवून ठेवा.

त्याच सुमारास हातात काहीतरी धरायला हवं असतं. १२ इंच घेराचा कापडी चेंडू त्याला उत्तम. सहा पाकळ्या कापा, प्रत्येक सहा इंच लांब आणि मध्यावर दोन इंच रुंद, दोन्ही टोकांना निमुळती; भोवती पाव इंच माया वेगळी. उलट टीप घालत जोडा आणि शेवटच्या शिवणीत दोन इंच भोक ठेवा. आत कापूस भरू नका. धुतला की त्याचे गोळे होतात, दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास येतो. जुन्या बनियनच्या बोटभर पट्ट्या भरा. पिळून वाऱ्यावर टांगला की चेंडू लवकर वाळतो. आवाज हवा असेल तर मधोमध दोन पितळी घुंगरं घाला, पण दुहेरी कापडाच्या पुरचुंडीत घट्ट शिवून. लोखंडी घुंगरू गंजतं. खुळखुळ्यात गुंजा कधीही घालू नका. लाल-काळ्या दिसायला मोहक, पण त्यांच्या आत जहाल विष असतं. फुटलेली किंवा चावलेली एक बीसुद्धा लहान मुलाला धोक्याची.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यासाठी एक नळी करून ठेवा. साडेपाच इंच लांबीची जाड कागदाची पट्टी टोकाला टोक भिडवून चिकटवली, की पावणेदोन इंच व्यासाची नळी होते. जे त्या नळीतून आरपार जातं, ते मुलाच्या घशात अडकू शकतं. बाहुलीला बटणाचे डोळे न लावता भरून काढायचे, ते याचसाठी. आणि कितीही मऊ बाहुली असली, तरी पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या शेजारी ती ठेवू नका, उशीही नको.

शिवायला बसताना टाचण्या मोजून घ्या, उठताना पुन्हा मोजा. एक जरी कमी भरली तरी लोहचुंबक कापडावरून फिरवा.

आहेर करून ठेवला आणि बारसं लांब असेल, तर ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, आणि त्या गोळ्यांच्या वाफेनं त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढते. कडुलिंबाची वाळलेली पानं पुरचुंडीत बांधून ठेवा. मापाचंही आधीच ठरवा. बारशाला येणारी बहुतेक झबली तान्ह्या मापाची असतात आणि दोन महिन्यांत लहान होतात. तुमचं सहा महिन्यांचं शिवा, मगाशी सांगितलेल्या मापात लांबीला चार इंच आणि रुंदीला तीन इंच वाढवून, गळ्याला जेमतेम पाव इंच. आणि सहा महिन्यांनी कोणता ऋतू असेल ते बोटांवर मोजून मगच कापड निवडा.

नमस्कार.